ख्रिस्ती प्रेमकादंबरीचं परीक्षण: प्रत हातात आल्यापासून ते पुस्तक बाजारात येईपर्यंत

प्रकाशनाआधीची ई-प्रत आली की कादंबरी उघडायच्या आधी वहीत तीन तारखा लिहायच्या: प्रत कधी आली, पुस्तक बाजारात कधी येणार आणि फाइल वाचायची मुदत कधी संपणार. नागपूरच्या सदर भागात रविवारच्या उपासनेनंतर जमणाऱ्या आमच्या वाचकगटात हा पहिला नियम आहे. परीक्षण बिघडतं ते बहुतेक वेळा तारखांमुळे. मुदत संपली की फाइल उघडत नाही. पुस्तक येऊन दोन महिने झाल्यावर टाकलेला अभिप्राय लेखिकेच्या फारसा उपयोगी पडत नाही, आणि प्रकाशनाआधी चुकीच्या जागी टाकायला गेलं तर दुकान तो घेतच नाही.

इंग्रजीतल्या ख्रिस्ती प्रेमकादंबऱ्या आम्ही बहुतेक प्रसिद्धीपूर्व प्रतींतून वाचतो. मुद्रितशोधन पूर्ण व्हायच्या आधीची ही ई-प्रत लेखक किंवा प्रकाशक मोफत देतात आणि त्यांना वाचकाचं प्रामाणिक मत हवं असतं. नव्या लेखिकेसाठी पहिले दोन आठवडे फार मोलाचे. दुकानाच्या पानावर नीट लिहिलेले आठ-दहा अभिप्राय दिसले तर अनोळखी वाचक थांबून पाहतो. पान रिकामं असेल तर पुढे जातो.

प्रती दोन वाटांनी मिळतात. एक म्हणजे नेटगॅलीसारखं संकेतस्थळ, जिथे नोंदणी करून विनंती पाठवायची. दुसरी वाट म्हणजे लेखिकेच्या वाचकचमूत, म्हणजे तिचं पुस्तक आधी वाचून मत देणाऱ्यांच्या गटात, नाव देणं. मग ती बुकफनेलसारख्या सेवेतून थेट फाइल पाठवते. नेटगॅलीवर भारतातून विनंती केली की अनेकदा नकार येतो. पुस्तकाचे हक्क देशवार विकलेले असतात आणि भारताचे हक्क त्या प्रकाशकाकडे नसतील तर तो प्रत देऊ शकत नाही. नव्या सभासदांना हे आधीच सांगावं लागतं, नाहीतर दोन नकारांत माणूस खचतो. तिथे मंजूर प्रती आणि लिहिलेली परीक्षणं यांचं प्रमाण मोजलं जातं आणि ते ८० टक्क्यांच्या वर असावं अशी अपेक्षा असते. नवा माणूस उत्साहात दहा पुस्तकं मागतो, सगळी मंजूर होतात, चार वाचून होतात आणि प्रमाण ४० टक्क्यांवर येतं. मग नवं काही न मागता आणखी चार पूर्ण केल्याशिवाय ते वर येत नाही. म्हणून एका वेळी दोनच प्रती घ्यायच्या.

वेळेचा हिशेब आधी केलेला बरा. हार्लेक्विन या प्रकाशनसंस्थेची लव्ह इन्स्पायर्ड ही ख्रिस्ती प्रेमकादंबऱ्यांची मालिका १९९७ साली सुरू झाली. तिच्यातल्या कादंबऱ्या साधारण ५५,००० शब्दांच्या असतात. मिनिटाला २०० शब्द धरले तर २७५ मिनिटं, म्हणजे साडेचार तासांहून थोडं जास्त. टिपणं धरून सहा तास. ऐतिहासिक कादंबरी ९०,००० शब्दांची असली तर नुसत्या वाचनाला साडेसात तास आणि टिपणांसह दहा. रोज रात्री तासभर मिळणाऱ्या माणसाने पहिलीला एक आठवडा आणि दुसरीला दोन आठवडे धरावेत. परीक्षण लिहिण्यासाठी वर दोन दिवस.

वाचताना किंडलच्या, म्हणजे ॲमेझॉनच्या ई-पुस्तक वाचनाच्या, मोबाइल ॲपमध्ये खुणांसाठी चार रंग मिळतात. आम्ही गुलाबी प्रेमाच्या धाग्याला देतो, निळा श्रद्धेच्या धाग्याला, पिवळा भाषेला आणि नारिंगी चुकांना. किंडल यंत्राच्या करड्या पडद्यावर रंग दिसत नाहीत. तिथे खुणेला जोडून टीप लिहायची आणि तिची सुरुवात ‘प्रे’, ‘श्र’, ‘भा’, ‘चू’ अशी करायची. पुस्तक संपल्यावर खुणांची यादी उघडली की निम्मं परीक्षण तिथेच दिसतं. गुलाबी भरपूर आणि निळे चारच, तेही शेवटच्या दोन प्रकरणांत, असं असेल तर श्रद्धा गोष्टीला वरून चिकटवली आहे हे रंगच सांगतात.

या प्रकारच्या कादंबरीत दोन प्रवास एकमेकांत विणलेले असावे लागतात. एक दोघांच्या प्रेमाचा आणि दुसरा दोघांपैकी निदान एकाच्या देवाशी असलेल्या नात्याचा. नुसती सोज्वळ प्रेमकथा ही ख्रिस्ती प्रेमकथा होत नाही. सोज्वळ कथेत शारीरिक प्रसंग दाराबाहेर थांबतात, शिवीगाळ नसते, पण देवाचं नावही नसलं तरी चालतं. ख्रिस्ती कथेत श्रद्धेचा धागा उपसून काढला तर कथानक कोसळलं पाहिजे. ही कसोटी आम्ही प्रत्येक पुस्तकाला लावतो: निळ्या खुणांची सगळी वाक्यं मनातल्या मनात खोडायची आणि पाहायचं, नायिकेचे निर्णय बदलतात का? बदलत नसतील तर ते परीक्षणात लिहायचं.

प्रेमाच्या धाग्यात टक्क्यांची, म्हणजे किती पुस्तक वाचून झालं ते दाखवणाऱ्या आकड्याची, मदत होते. पहिल्या दहा टक्क्यांत दोघांची भेट, निम्म्यावर जवळीक, पाऊण पुस्तकापाशी ताटातूट आणि शेवटी मीलन, हा साचा वाचकाला हवाच असतो. तेव्हा ‘शेवट आधीच कळला’ अशी तक्रार इथे गैरलागू आहे. ताटातुटीचं कारण मात्र तपासायचं. पाच मिनिटं समोरासमोर बसून बोलले असते तर मिटलं असतं, अशा गैरसमजावर शंभर पानं ओढलेली असली तर ती खरी त्रुटी. ताटातूट श्रद्धेच्या प्रश्नातून आलेली असेल, समजा नायक क्षमा करायला तयार नाही, तर दोन्ही धागे एकाच गाठीत येतात आणि कादंबरी उभी राहते.

सर्वांत जास्त पुस्तकं घसरतात ती परिवर्तनाच्या प्रसंगी. २ करिंथ ६:१४ मधली अविश्वासणाऱ्यांशी विजोड न होण्याची सूचना या प्रकारच्या लेखनावर कायम सावली धरून असते. त्यामुळे अविश्वासी नायकाने लग्नाआधी विश्वासात येणं जवळजवळ ठरलेलं. अडचण अशी की तो ९५ टक्क्यांवर एका प्रवचनात बदलतो आणि ९७ टक्क्यांवर मागणी घालतो. मग वाचकाला पडणारा प्रश्न साधा असतो: हा देवाकडे वळला की मुलीकडे? चांगली लेखिका नायकाचा पश्चात्ताप नायिका मिळण्याच्या आशेपासून वेगळा ठेवते. ती आपल्याला मिळणार नाही असं त्याला वाटत असताना तो गुडघे टेकतो. असा प्रसंग सापडला की निळी खूण करून त्याचं नेमकं प्रकरण टिपून ठेवायचं. परीक्षणात कौतुक करायचं ते याच जागेचं.

वचनांचा वापर तपासायला पवित्र शास्त्र शेजारी उघडं हवं. दोन वचनं या कादंबऱ्यांत पुन्हा पुन्हा येतात. पहिलं यिर्मया २९:११, देवाच्या मनातल्या हिताच्या योजनांचं. नायिकेची नोकरी जाते, मैत्रीण हे वचन सांगते आणि पुढच्या प्रकरणात सगळं सुरळीत होतं. आता आधीचा दहावा श्लोक पाहा. हे शब्द बाबेलात बंदिवासात गेलेल्यांना लिहिलेल्या पत्रातले आहेत आणि तिथे सत्तर वर्षांची मुदत सांगितली आहे. जिने हे वचन लांबलेल्या प्रतीक्षेसाठी वापरलं ती लेखिका शास्त्र वाचून लिहिते, असं खुशाल म्हणावं. दुसरं रूथ १:१६, ‘तू जाशील तिथे मी येईन’ या आशयाचं. लग्नाच्या प्रसंगात ते वधूच्या तोंडी येतं. मुळात रूथ हे आपल्या सासूला, नामीला म्हणते, तिचा पुढे होणारा नवरा बवाज तेव्हा कथेत आलेलासुद्धा नाही. कादंबरीत सासू-सुनेचं नातं असेल आणि लेखिकेने हे शब्द तिथे ठेवले असतील तर ती जागा हेरून सांगण्यासारखी. रूथचं पुस्तक आपल्याकडच्या वाचकाला जवळचं वाटतं, कारण त्यातली सुगी, सरवा वेचणं आणि खळं हे सगळं विदर्भातल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही.

विदर्भाच्या वाचकाने आपलं हे ज्ञान परीक्षणात आणावं, असं आमचं ठाम मत आहे. टेक्सासच्या ऐतिहासिक कादंबऱ्यांत कापूस असतो. एका आठवड्यात सगळं शेत वेचून मोकळं झालं असं लिहिलेलं दिसलं की इथल्या वाचकाला लगेच खटकतं. बोंडं एकदम फुटत नाहीत, हाताने वेचणी असेल तर त्याच शेतात पुन्हा पुन्हा जावं लागतं. बागेतला संत्रा ओढून तोडणारी नायिका आली तर देठाजवळची साल फाटेल, म्हणून आपल्याकडे तो कात्रीने कापतात, हे नागपूरकराला माहीत असतं. अशी एक ओळ परीक्षणात असली की ते दुसऱ्या कुणाचं राहत नाही, आणि लेखिकेलाही ती पुढच्या पुस्तकात कामाला येते. फक्त सूर चूक सापडल्याच्या आनंदाचा नसावा.

अमिश कादंबऱ्यांना वेगळी तयारी लागते. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या लँकेस्टर परिसरातला हा जुन्या चालीचा ख्रिस्ती समाज घोडागाडी वापरतो आणि त्यांच्यात बाप्तिस्मा मोठेपणी, समजून-उमजून घेतला जातो. मंडळीचा, म्हणजे चर्चचा, बहिष्कार लागतो तो बाप्तिस्मा घेऊन नंतर वचन मोडणाऱ्याला. बाप्तिस्मा घेण्याआधीच बाहेर पडलेल्या मुलाला तो नियम लागू होत नाही. कित्येक कथानकांचा डोलारा नेमक्या याच नियमावर उभा असतो. म्हणून नायकाचा बाप्तिस्मा झाला आहे की नाही हे पहिल्या काही प्रकरणांतच टिपून ठेवायचं. मराठीत परीक्षण लिहिताना ही गोष्ट दोन वाक्यांत आधी सांगून टाकावी, नाहीतर घरचे मुलाशी एका पंगतीला का बसत नाहीत हे वाचकाला कळत नाही.

आणखी एक भान. या कादंबऱ्या मोठ्या प्रमाणात अमेरिकेतल्या इव्हँजेलिकल परंपरेतून येतात. व्यक्तीने स्वतः येशूला स्वीकारण्याचा क्षण त्यांत कळसाला असतो. सदरमध्ये कॅथलिकांचं सेंट फ्रान्सिस डी सेल्स कॅथेड्रलही आहे आणि प्रोटेस्टंटांचं ऑल सेंट्स कॅथेड्रलही. दोन्हीकडचे वाचक एकाच पुस्तकाकडे वेगळ्या नजरेने पाहतात. कॅथलिक वाचकाला रोझरी (जपमाळेची प्रार्थना) नाही, संत नाहीत, साक्रामेंतांचा (पवित्र विधींचा) उल्लेख पुसट आहे हे जाणवतं. याला दोष म्हणू नये. पण पुस्तक कोणत्या परंपरेतलं आहे ते एका ओळीत सांगितलं तर घेणाऱ्याची फसगत होत नाही.

वाचून झाल्यावर एक रात्र जाऊ द्यायची. शेवटच्या पानावरचे अश्रू ताजे असताना लिहिलेलं परीक्षण सगळं एकाच सुरात जातं. आमच्याकडे सुरुवातीला येणारं परीक्षण बहुधा असं असतं: ‘खूप सुंदर कथा. देवाची कृपा अनुभवायला मिळाली. सर्वांनी नक्की वाचा.’ भावना खरी असते, पण यातलं प्रत्येक वाक्य दुसऱ्या कोणत्याही पुस्तकाला चालेल. लेखिकेच्या वाचकाला त्यातून काही कळत नाही. तेच परीक्षण टिपणं समोर ठेवून पुन्हा लिहिलं की कसं होतं, त्याचा एक नमुना, एका कल्पित कादंबरीवर:

‘टेक्सासमधल्या एका लहान गावात शाळा चालवणारी विधवा आणि शेजारच्या मळ्यावर आलेला नवा मुकादम यांची ही गोष्ट. सुरुवात संथ आहे, पण दोघं हिशेबाच्या वहीवरून भांडतात तिथून गोष्ट पकड घेते. नायिकेचा देवावरचा राग लेखिकेने घाईने मिटवलेला नाही. ती प्रार्थना थांबवते आणि बराच काळ ती थांबलेलीच राहते, हे मला खरं वाटलं. नायकाचं परिवर्तन मात्र एका प्रवचनात उरकलं आहे. प्रणयप्रसंग चुंबनापाशी थांबतात. तान्ह्या बाळाच्या मृत्यूचा प्रसंग सविस्तर आहे, ज्यांना तो जड जाईल त्यांनी हे आधी लक्षात घ्यावं. संथ ऐतिहासिक कथा आवडणाऱ्यांना हे पुस्तक जरूर सुचवेन. प्रसिद्धीपूर्व प्रत मोफत मिळाली. परीक्षण लिहिण्याचं बंधन नव्हतं आणि मत माझं आहे.’

एवढं पुरतं. १०० ते २५० शब्द. कथानक पहिल्या पाव भागापलीकडे सांगायचं नाही. बाळाच्या मृत्यूची सूचना विसरायची नाही, कारण या कादंबऱ्यांत विधवा, विधुर आणि मूल गमावलेली माणसं फार असतात, आणि दिलासा शोधत त्या वाचणाऱ्यांतही तशी माणसं असतात. अवतरण द्यायचं तर दोन-तीन वाक्यांचं. समीक्षेसाठी थोडा मजकूर वापरायला १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ ची मुभा आहे. मात्र प्रत कच्ची असल्याने ती वाक्यं छापील आवृत्तीत तशीच राहिली आहेत का, हे पाहूनच द्यावीत.

मोफत प्रतीचा खुलासा ही औपचारिकता समजू नये. अमेरिकेत ग्राहकहितासाठी तो मागितला जातो, आणि आपल्याकडेही ऑनलाइन अभिप्रायांसाठी आयएस १९०००:२०२२ हे मानक २०२२ साली आलं. ते ऐच्छिक आहे. ॲमेझॉनवर आणखी एक अट असते. मोफत प्रत चालते, पण परीक्षण लिहिण्याच्या किंवा चांगलं लिहिण्याच्या अटीवर दिलेली नको. त्यामुळे ‘बंधन नव्हतं’ हे वाक्य लिहायचं तर ते खरं असायला हवं. लेखिकेने ‘पाच तारे दिलेच पाहिजेत’ असं कळवलं असेल तर प्रत परत करावी.

तारे देताना मोठा गोंधळ होतो. गुडरीड्स या वाचकांच्या अभिप्रायांच्या संकेतस्थळावर तीन ताऱ्यांचा अर्थ ‘आवडलं’ असा दिलेला आहे आणि दोनचा ‘ठीक’. तेच तीन तारे ॲमेझॉनवर टीकेच्या गटात जातात, चार आणि पाच तेवढे अनुकूल धरले जातात. म्हणजे ज्या पुस्तकाला गुडरीड्सवर मनापासून तीन दिले, त्याला ॲमेझॉनवर तीन देणं म्हणजे वेगळीच गोष्ट सांगणं. आम्ही तारे आधी न ठरवता मजकूर पूर्ण करतो आणि मग त्या त्या ठिकाणच्या मोजपट्टीने देतो. अर्धा तारा दोन्हीकडे नाही. आणि विषय देवाचा आहे म्हणून पाच तारे द्यायचे नाहीत. त्याने लेखिकेचं भलं होत नाही, तिच्या खऱ्या पाच ताऱ्यांचीही किंमत उतरते.

टाकायचा क्रम असा. गुडरीड्सवर प्रकाशनाआधीही लिहिता येतं, म्हणून तिथे दोन आठवडे आधी. त्याच सुमारास नेटगॅलीवर. ॲमेझॉनवर प्रकाशनाच्या दिवशी. अमेरिकेत नवी पुस्तकं बहुधा मंगळवारी येतात. न्यूयॉर्कमध्ये सोमवारी रात्री बाराला मंगळवार सुरू होतो तेव्हा नागपुरात उन्हाळ्यात सकाळचे साडेनऊ वाजलेले असतात आणि हिवाळ्यात साडेदहा. इथे सोमवारी रात्री बारानंतर घाईने टाकू पाहणाऱ्यांचं परीक्षण जात नाही ते याचमुळे. मंगळवारी संध्याकाळी सात-आठला टाकावं. नाताळच्या कादंबऱ्या तिकडे सप्टेंबर-ऑक्टोबरमध्येच येतात, त्यामुळे बर्फात घडणारी गोष्ट इथे पावसाळ्यात वाचावी लागते. त्या परीक्षणाची आठवण डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात आपल्या लोकांना पुन्हा करून द्यावी, इथला वाचक तेव्हाच ती शोधतो.

ॲमेझॉनने परीक्षण नाकारलं तर तेच पुन्हा जसंच्या तसं पाठवू नये. कारणं ठरावीक असतात: मजकुरात दुवा किंवा फोन नंबर आहे, पुस्तकाऐवजी किमतीबद्दल किंवा पार्सलबद्दल लिहिलं आहे, किंवा लेखिका नात्यातली अथवा जवळच्या ओळखीची आहे. खात्यावर मागच्या वर्षभरात पुरेशी खरेदी नसेल तरीही लिहिता येत नाही. नवं खातं काढून बसलेल्यांचा इथेच हिरमोड होतो. त्यांनी गुडरीड्सवर लिहावं.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगावी लागते. प्रसिद्धीपूर्व फाइल मंडळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका. ‘देवाचंच पुस्तक आहे, वाटलं तर बिघडलं काय’ असं म्हणून ती पुढे जाते आणि चाळीस फोनांत पोचते. ते चाळीस वाचक पुढे पुस्तक विकत घेत नाहीत. अनेक लेखिकांनी ई-पुस्तक किंडल अनलिमिटेड या ॲमेझॉनच्या वर्गणीच्या वाचनसेवेसाठी दिलेलं असतं. तिथे वाचलेल्या पानांवर मोबदला मिळतो आणि करार ९० दिवसांचा असतो, त्या काळात ई-पुस्तक दुसरीकडे उपलब्ध करायची मनाई असते. फाइल फिरताना दिसली तर जाब लेखिकेला द्यावा लागू शकतो. ज्यांना वाचायचं आहे त्यांनी किंडल अनलिमिटेडवर वाचलं तरी ती मदतच आहे.

नारिंगी खुणा परीक्षणात जात नाहीत. त्या लेखिकेला खासगीत पाठवायच्या, प्रकाशनाच्या तीन आठवडे आधी, प्रकरणाचा क्रमांक आणि पूर्ण वाक्य देऊन. पान क्रमांक उपयोगाचा नाही, कारण ई-प्रतीत अनेकदा तो अक्षराच्या आकाराप्रमाणे बदलतो.

मराठी परीक्षण आम्ही वेगळं लिहितो, इंग्रजीचा अनुवाद करत नाही. ते मंडळीच्या अंकात, वाचनालयाच्या फलकावर आणि ग्रुपवर जातं. त्यात पुस्तकाची किंमत, पानं, प्रकाशक आणि प्रत कुठे मिळेल हे असलंच पाहिजे. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून जिचं नाव घेतलं जातं ती ‘यमुनापर्यटन’ १८५७ साली बाबा पदमनजी या ख्रिस्ती लेखकानेच लिहिली, आणि तिच्या केंद्रस्थानी विधवांचं दुःख होतं. आज मराठीत ख्रिस्ती घरातली प्रेमकथा लिहिणारा कुणी भेटला तर त्याला अमेरिकन लेखिकेइतकंच, खरं तर जास्त, तपशीलवार परीक्षण मिळायला हवं. त्याच्यामागे वाचकचमू नसतो. त्याचं पुस्तक विकत घ्यावं, परीक्षणाची एक प्रत छापून त्याच्या हातात द्यावी आणि वाचनालयात मागणीची चिठ्ठी टाकावी.

सगळीकडे मजकूर दिसू लागला की लेखिकेला दोन ओळींचा ईमेल जातो, दुवे जोडून, काहीही न मागता. परीक्षण प्रतिकूल असेल तर तिचं नाव जोडून समाजमाध्यमावर टाकायचं नाही. मग वहीत चौथी तारीख लिहायची, परीक्षण टाकल्याची, आणि फाइल किंडलमधून काढून टाकायची.